आभासी सृष्टीचें यंत्र : त्याची निवड व त्याचीं दुखणीं
[नभोवाणीवरील भाषण]

ज्या यंत्राला आज ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट’ या नांवानें ओळखतात, त्याच्याविषयीं सुशिक्षित कुटुंबांत दोन प्रश्न नेहमीं ऐकूं येतात. घेण्यापूर्वीं विचारतात, ‘कोणता घ्यावा?’ आणि घेतल्यावर दोन महिन्यांनीं विचारतात, ‘हा बिघडला काय?’ वरवर पाहतां हे प्रश्न निराळे आहेत. परंतु त्यांचें उत्तर एकच आहे, हें आज दाखवावयाचें आहे. हें यंत्र डोळे, मान, हात आणि खोली या चौघांशीं जुळलें म्हणजे चालतें. जुळलें नाहीं म्हणजे निर्दोष असूनहि बिघडल्यासारखें वागतें. ज्याला ही जुळणी समजली त्याला निवडहि साधते व दुरुस्तीहि साधते. ज्याला ती समजली नाहीं तो चांगलें यंत्र माळ्यावर टाकतो आणि त्याहून महाग दुसरें आणतो.

प्रथम यंत्राची मूळ युक्ति पाहूं. आपले दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित् निराळ्या जागांवरून पाहतात, आणि त्या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू वस्तूचें अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं ही गोष्ट सिद्ध केली. प्रत्येक डोळ्याला वेगळें चित्र दाखविणारें स्टीरिओस्कोप हें त्याचें उपकरण. माझ्या पिढीच्या मुलांनीं ज्याला डोळे लावून दूरदूरचे देश पाहिले तो व्ह्यू-मास्टर त्याच कुळांतला. परंतु व्ह्यू-मास्टरमधील चित्र मान वळविली तरी बदलत नसे. मान वळतांच दृश्य बदलेल असें यंत्र आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं अमेरिकेंत तयार केलें. तें छताला टांगावें लागे. आजचा हेडसेट हा त्याचाच हलका वंशज होय. त्यांत दोन भिंगें, त्यांमागें पडदा, डोक्याची हालचाल टिपणारे सेन्सर आणि सेकंदाला ७२, ९० किंवा १२० वेळां नवें चित्र काढणारा संगणक असतो.

आतां पहिली जुळणी, डोळ्यांची. दोन बाहुल्यांमधील अंतर सर्वांचें सारखें नसतें. प्रौढांत तें सरासरीनें ६३ मिलिमीटरांच्या आसपास असतें; परंतु कोणाचें ५६ भरतें, कोणाचें ७०. यंत्राच्या भिंगांमधील अंतर त्याच्याशीं जुळलें नाहीं, तर अक्षरें धूसर दिसतात, डोळ्यांवर ताण पडतो व थोड्याच वेळांत कपाळ दुखूं लागतें. हें अंतर घरींच मोजतां येतें. आरशापुढें उभें राहून मिलिमीटरांची पट्टी भुंवयांवर आडवी धरावी. उजवा डोळा मिटून डाव्या बाहुलीच्या मध्यावर येणारा आंकडा पाहावा. मग पट्टी व डोकें न हलवितां डावा डोळा मिटून उजव्या बाहुलीवरचा आंकडा पाहावा. दोन आंकड्यांची वजाबाकी हेंच तें अंतर. तीन वेळां मोजून सरासरी घ्यावी, किंवा चष्मेवाल्याला विचारावें. चष्मा करतांना तो हें माप घेतोच.

निवडींत याचा उपयोग असा. २०२४ सालीं निघालेल्या मेटा क्वेस्ट ३एस या हेडसेटमध्यें भिंगांना ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीनच खांचा आहेत. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्यें चाक फिरवून भिंगें हळूहळू सरकवितां येतात. वापरणारा एकच असून त्याचें माप एखाद्या खांचेशीं जुळत असेल, तर स्वस्त यंत्रानें त्याचें अडत नाहीं. घरांतलीं चौघें वापरणार असतील, तर चाकासाठीं पडणारे अधिक पैसे वायां जात नाहींत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलाच्या मापावर ठेवलेलें यंत्र आईनें डोळ्यांना लावलें. तिला सारें धूसर दिसलें, आणि यंत्र सदोष म्हणून विक्रेत्याकडे परत पाठविण्याची बांधाबांधहि झाली. भिंगें एक खांच सरकवितांच अक्षरें स्पष्ट झालीं! धूसरपणाची तक्रार आली कीं प्रथम दुसऱ्या माणसाला पाहावयास सांगावें. त्याला स्पष्ट दिसलें, तर दोष यंत्रांत नसून जुळणींत आहे असें बहुधा समजावें.

चष्म्याविषयीं एक गैरसमज फार पसरला आहे. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर, तेव्हां वाचण्याची चाळिशी लावावी, असें वडील मंडळींना वाटतें. परंतु भिंगांच्या योगानें तें चित्र साधारणतः एक ते दोन मीटर अंतरावर असल्याप्रमाणें डोळ्यांत शिरतें. म्हणून ज्यांना केवळ वाचण्यापुरती चाळिशी लागते त्यांना ती येथें बहुधा लागत नाहीं; उलट, ज्यांना दूरचें अंधुक दिसतें त्यांना आपला नेहमींचा चष्मा हवाच. मात्र चष्म्याची कांच यंत्राच्या भिंगाला घासली तर कायमचा ओरखडा पडतो. यासाठीं चेहऱ्याची गादी थोडी पुढें घेण्याची सोय आहे काय, हें घेतांनाच पाहावें, अथवा आपल्या नंबराचीं जोडभिंगें करून घ्यावींत. जोडभिंगांना नंबर दूरचा द्यावा लागतो, वाचण्याचा नव्हे.

भिंगांची निगा थोडक्यांत सांगतों. तीं कोरड्या, मऊ, सूक्ष्म तंतूंच्या फडक्यानें मध्यापासून कडेकडे पुसावींत. स्पिरिट किंवा कांच पुसण्याचें द्रव लावूं नये. पावसाळ्यांत किंवा थंड खोलींत यंत्र डोळ्यांना लावतांच भिंगांवर वाफ धरते; यंत्र चालू करून चार-पांच मिनिटें तसेंच ठेवावें, म्हणजे तें कोमट होऊन वाफ जाते. कांहीं यंत्रांत वलयांकित फ्रेनेल भिंगें असतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं अक्षरें आलीं म्हणजे त्यांतून किरण फांकल्यासारखे दिसतात. तो बिघाड नव्हे, त्या भिंगांचा स्वभाव आहे. आणि एक गोष्ट घरांतल्या लहानथोरांस बजावून ठेवावी : भिंगांवर ऊन पडूं देऊं नये. लहानपणीं आपण भिंगानें कागद जाळीत होतों; त्याच न्यायानें गॅलरींतलें ऊन या भिंगांतून आंत शिरून पडद्यावर कायमचा डाग पाडतें. त्याला दुरुस्ती नाहीं.

दुसरी जुळणी मानेची. क्वेस्ट ३ चें वजन ५१५ ग्रॅम आहे. अर्धा किलो फार नव्हे. परंतु तें सारें गालांपुढें लोंबतें, म्हणून जड होतें. मागचा पट्टा कवटीच्या उंचवट्याच्या खालीं बसवावा, यंत्र वरखालीं करून अक्षरें जेथें सर्वांत स्पष्ट दिसतील तेथें थांबवावें, आणि मग वरचा पट्टा ओढावा; बाजूचे पट्टे करकचून आवळूं नयेत. जोडवस्तु घ्यावयाचीच झाली तर पहिली चांगल्या पट्ट्याची घ्यावी. पट्ट्याच्या मागें बॅटरी असेल तर दोन कामें साधतात : वजनाचा तोल राहतो, व एका चार्जवर सुमारें दोन तास चालणारें यंत्र अधिक वेळ चालतें. चेहऱ्याची गादी घाम शोषते, यास्तव धुतां येणारें सिलिकॉनचें आवरण बरें. २०२१ सालीं क्वेस्ट २ च्या फोमच्या गादीमुळें त्वचा चुरचुरल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हां कंपनीनें ती गादी परत मागवून सिलिकॉनचीं आवरणें फुकट दिलीं होतीं. जुना क्वेस्ट २ विकत घेणाऱ्यानें तें आवरण मागून घ्यावें.

तिसरी व चौथी जुळणी हातांची व खोलीची. ती एकत्रच पाहूं. आजच्या बहुतेक यंत्रांत कॅमेरे असतात. ते खोलींतील कपाटांच्या कडा, खिडक्या, चित्रें यांच्या खुणा धरून आपली जागा ठरवितात, आणि कंट्रोलरवरील अदृश्य अवरक्त दिवे पाहून हात कोठें आहे तें ओळखतात. यावरून बऱ्याच दुखण्यांचें निदान आपोआप होतें. अंधारांत कॅमेऱ्यांना खुणा दिसत नाहींत. अगदीं कोऱ्या भिंतींच्या खोलींत धरावयास खूण सांपडत नाहीं. मोठ्या आरशांत खोटी खोली दिसते. आणि गणपतींत वा दिवाळींत भिंतीवर दिव्यांची माळ लावली, कीं ते ठिपके कंट्रोलरचे दिवे समजून यंत्र चकतें व आभासी हात भलतीकडे उडतो. माळ विझवावी, आरशावर चादर टाकावी, मध्यम उजेड ठेवावा. आपल्याकडील विजेची कंपनसंख्या ५० आहे, अमेरिकेंत ६०. क्वेस्टच्या सेटिंगमध्यें ही संख्या निवडण्याची सोय असते. दिव्यांच्या उजेडांत हात थरथरत असतील तर तेथें ५० आहे काय, तें पाहावें.

कंट्रोलर अडखळूं लागला म्हणजे प्रथम सेल बदलावा. पुन्हां चार्ज होणाऱ्या सेलचा दाब दीड व्होल्टऐवजीं १.२ व्होल्ट असल्यानें भरलेला असतांनाहि तो कमी भरल्यासारखा दाखविला जातो, घाबरूं नये. पुष्कळ दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावा. उभ्यानें खेळावयास सुमारें दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते, आणि आपल्या घरांत ती मोजतांना छताचा पंखा विसरूं नये. यंत्राची सीमारेषा चार बाजूंची सूचना देते. डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांची देत नाहीं. मनगटाची दोरी नेहमीं अडकवावी, नाहीं तर कंट्रोलर टीव्हीच्या कांचेवर जाऊन आदळतो.

घेरी व मळमळ ही यंत्राची नव्हे, आपल्या शरीराची तक्रार असते. डोळे म्हणतात ‘मी धांवत आहें’. कानांतील तोलाचें इंद्रिय म्हणतें ‘मी जागच्या जागीं आहें’. आणि हा तंटा पोटाला भोंवतो. नवशिक्यानें एका जागीं बसून पाहावयाच्या गोष्टींपासून आरंभ करावा, पहिले कांहीं दिवस दहा-पंधरा मिनिटांवर जाऊं नये आणि मळमळ सुरू होतांच थांबावें. नेट लावून ‘संवय’ करूं पाहणाऱ्याला पुढें यंत्राचा तिटकाराच येतो. मुलांच्या बाबतींत निर्मात्यांची वयोमर्यादा पाळावी. सोनी आपला हेडसेट १२ वर्षांखालील मुलांस देऊं नये असें सांगते. मेटानें २०२३ सालीं १३ ची मर्यादा १० वर आणली, पण पालकांच्या परवानगीनें व देखरेखीखालीं.

आतां निवडीकडे वळूं. अगदीं स्वस्त प्रकार म्हणजे मोबाइल फोन आंत सरकविण्याची पेटी. गूगलनें २०१४ सालीं पुठ्ठ्याची अशी पेटी काढली होती. तींत मान वळविली तर दृश्य वळतें, पण पाऊल पुढें टाकलें तर दृश्य पुढें येत नाहीं, आणि त्यामुळें लवकर घेरी येते. फोनमध्यें जायरोस्कोप नसेल तर दृश्य नीट वळतहि नाहीं. पेटी बदलून उपयोग नाहीं. दुसरा प्रकार स्वतःचा संगणक पोटांत असलेल्या हेडसेटचा. घरगुती वापराला बहुधा हाच सोयीचा. तिसरा प्रकार दुसऱ्या यंत्रावर अवलंबून असणारा. सोनीचा २०२३ सालचा हेडसेट प्लेस्टेशन ५ किंवा संगणक घरांत नसेल तर व्यर्थ आहे. संगणकाला त्याला जोडावयाचें तर वेगळा अडॅप्टर लागतो. बिनतारी मार्गानें संगणकावरचें चित्र आणावयाचें असल्यास राउटर त्याच खोलींत, पांच गिगाहर्ट्झचा, व संगणकाला तारेनें जोडलेला असावा. चित्र तुटलें कीं लोक हेडसेटला दोष देतात. दोष बहुधा मधल्या भिंतीचा असतो. तारेनें जोडूनहि संगणकाला हेडसेट ओळखतां आला नाहीं, तर तार केवळ चार्ज करण्याची आहे काय, हें पाहावें.

याहून मोठा धोका दुकानांत दिसत नाहीं. हें यंत्र रेडिओसारखें स्वतंत्र नाहीं. निर्मात्याची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, मिळत राहील तोंवरच तें जिवंत. गूगलनें आपली डेड्रीम ही योजना २०१९ सालीं सोडून दिली. मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ हा विभाग २०२३ च्या डिसेंबरांत बंद करण्याचें जाहीर केलें आणि २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीतून काढून टाकला. त्या विभागावर चालणारा एचपी रिव्हर्ब जी२ सारखा उत्तम हेडसेट, एक स्क्रूहि ढिला न होतां, नव्या विंडोजवर कंपनीच्या मार्गानें चालेनासा झाला. असे हेडसेट जुन्या बाजारांत स्वस्त मिळतात, आणि ते स्वस्त कां, हें विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं. म्हणून जुनें यंत्र घेतांना किंमत विचारण्याआधीं ‘याला आज्ञावली अजून मिळते काय?’ हें विचारावें, आणि नवें घेतांना त्याची हमी आपल्या देशांत चालते काय, हें पाहावें.

शेवटीं, यंत्र खरोखरच अडलें तर काय करावें? शाळेंत प्रयोग करतांना आम्ही मुलांना एक नियम शिकवीत असूं : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम भिंगें पुसावींत, मग अंतर जुळवावें, मग उजेड, मग सेल व तार पाहावी. त्यानंतर वीजकळ दाबून धरून यंत्र पूर्ण बंद करावें व पुन्हां सुरू करावें. सर्व कांहीं पुसून कारखान्यांतील मूळ स्थितीला नेण्याचा उपाय अगदीं शेवटचा; त्यानें जतन केलेलें सारें जातें. मात्र बॅटरी फुगली किंवा यंत्र अतिशय तापूं लागलें, तर कोणताहि घरगुती प्रयोग न करतां तें बंद करून जाणकाराकडेच न्यावें.

श्रोतेहो, दुकानांत गेल्यावर पडद्यावर किती ठिपके आहेत हें विक्रेता आपणांस सांगेलच. आपण त्याच्यापुढें आपल्या बाहुल्यांचें माप, आपला चष्मा आणि आपल्या खोलीची लांबीरुंदी ठेवावी, आणि दहा मिनिटें यंत्र डोक्यावर घालून बसावें. तेवढ्या वेळांत तें टोचलें नाहीं व धूसर दिसलें नाहीं, तर तें आपल्या घरचें यंत्र आहे.