पुवाचा हिरवा रंग

गळू पिकून फुटले की बाहेर येणारा पिवळट-हिरवा पू पाहून आपण तोंड फिरवतो. ती जंतूंची घाण, अशी आपली समजूत. पण त्यातली हिरवट झाक बऱ्याचदा आपल्याच पांढऱ्या पेशींनी आणलेली असते. त्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. स्वीडनच्या शेल आग्नर यांनी १९४१ मध्ये ते वेगळे काढले आणि हिरव्या रंगावरून त्याला ‘व्हर्डोपेरॉक्सिडेज’ असे नाव दिले.

पायात काटा मोडला, जंतू आत शिरले की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठुसठुसते. यालाच दाह म्हणतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यांच्या भिंतीतून वाट काढत बाहेर येतात आणि जंतू गिळतात. मग विकरांचे काम सुरू होते. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते. त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. ते आणि शरीरातल्या मिठाचा क्लोराइड घेऊन मायलोपेरॉक्सिडेज हायपोक्लोरस आम्ल तयार करते. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यातले जंतू मारते, ते हेच आम्ल!

यातले एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर काही मुलांत जन्मतःच निकामी असते. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण कित्येक जंतू पेशींच्या पोटात जिवंतच राहतात. या मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होतात.

पण विकरांच्या या शस्त्रांना आवरही हवा. न्यूट्रोफिलमधले इलॅस्टेज हे विकर जंतूंची प्रथिने तोडते, तसे फुप्फुसाला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनही तोडते. त्याला रोखण्यासाठी यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन रक्तात सोडते. ज्यांच्या रक्तात ते फारच कमी असते, अशा रुग्णांची नोंद स्वीडनमध्येच लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये केली. त्या रुग्णांतल्या काहींची फुप्फुसे झिजून गेली होती.

विडी-सिगारेटचा धूर निरोगी माणसातही असेच घडवतो. तो न्यूट्रोफिलना फुप्फुसात बोलावून घेतो आणि त्याच वेळी अँटिट्रिप्सिनला निकामी करतो. जंतू नसतानाही शस्त्रे चालू राहतात आणि वायुकोशांच्या भिंती विरत जातात. विरलेली भिंत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून धाप लागायची वाट पाहू नका. विडी आजच सोडा.