पाताळांतील आंधळी कोळंबी आणि आपली विहीर

उन्हाळा ऐन भरांत आला म्हणजे विहिरींचा गाळ काढण्याचें काम गांवोगांव सुरू होतें. गाळाच्या घमेल्याबरोबर बेडूक, खेकडे, क्वचित् एखादा मासाही वर येतो आणि त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु ज्यानें जन्मांत सूर्य पाहिलेला नाहीं व ज्यास पाहण्याकरितां डोळेही उरलेले नाहींत, असा एखादा जीव ह्याच घमेल्यांतून वर येणें अशक्य नाहीं. रत्नागिरी येथील एका विहिरींत असा जीव सांपडला. सांकोल्ली व शेणॉय ह्या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनीं सन १९७९ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती एक लहानशी आंधळी कोळंबी होती. तिचें शास्त्रीय नांव 'ट्रॉग्लिंडिकस फ्रिॲटिकस' असें ठेवण्यांत आलें. त्यांतील दुसरा शब्द 'विहीर' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनलेला आहे. अर्थात् विहीर ही तिच्या घराची केवळ खिडकी होय. तिचें खरें घर म्हणजे जमिनीखालीं खडकाच्या भेगांत व पोकळ्यांत सांठलेलें तें पाणी, ज्यावर आपला मोट-पंपाचा सारा संसार चालतो.

आपल्या जांभ्याच्या प्रदेशांतील ह्या जीवाविषयीं झालेला अभ्यास फार थोडा आहे. परंतु त्याच्यासारख्याच एका कोळंबीचा अमेरिकेंत पुष्कळ वर्षें अभ्यास झालेला असून, त्या हकीकतींत शेतकऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें असें बरेंच आहे. म्हणून ती हकीकत वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत 'मॅमथ' नांवाची एक प्रचंड गुहा आहे. आजवर तिचीं ४२० मैलांहून अधिक लांबीचीं भुयारें मोजलीं गेलीं असून, ज्ञात गुहांपैकीं ती जगांत सर्वांत लांब होय. हा सर्व प्रदेश चुनखडकाचा आहे. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बाम्ल वायु शोषून किंचित् आंबट होतें, आणि असें पाणी हजारों वर्षें झिरपत राहिल्यानें चुनखडक विरघळून त्यांत भुयारें पडतात. वरच्या मजल्यांवरील भुयारें कोरडीं असतात. अगदीं तळच्या मजल्यांतून मात्र काळोखांत नद्या वाहतात आणि शेवटीं झऱ्यांच्या रूपानें ग्रीन नदीच्या कांठीं बाहेर पडतात. ह्या तळच्या नद्यांत ती कोळंबी राहते. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं डब्ल्यू. पी. हे नांवाच्या शास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें व गुहेचे तत्कालीन व्यवस्थापक गँटर ह्यांच्या नांवावरून तिला 'पॅलिमोनियस गँटेरी' असें नांव दिलें.

तिची लांबी जेमतेम एक इंच. अंग कांचेसारखें पारदर्शक. इतकें कीं, तळाच्या वाळूवर ती स्वस्थ उभी असली तर सहसा दिसत नाहीं. डोळ्यांच्या जागीं नुसते खुंट राहिले असून त्यांत दृष्टि नाहीं. जेथें प्रकाशच नाहीं, तेथें रंगाचा व डोळ्यांचा खर्च निसर्गानें चालूं ठेवलेला नाहीं. ह्याच्या उलट स्पर्श व वास ओळखणाऱ्या मिशा लांब आहेत. पुढच्या पायांच्या नांग्यांच्या टोकांस केसांचे बारीक कुंचले असून, त्यांनीं ती तळांतील गाळ झाडून घेते आणि त्यांतील सूक्ष्म जीव व सेंद्रिय कण खाऊन आपला निर्वाह करते.

हा गाळ येतो कोठून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. काळोखांत हिरवी वनस्पति उगवत नाहीं. म्हणून तेथें अन्न निर्माणच होत नाहीं. जें कांहीं येतें तें सर्व वरून. पुराबरोबर पालापाचोळा व माती वाहून येते, वटवाघळांची विष्ठा पडते, आणि तेवढ्यावर तेथील सर्व प्राण्यांचा प्रपंच चालतो. अन्न थोडें म्हणून तेथील जीवांची वाढ मंद असते, आणि ते अंडीं घालतात तीं थोडीं पण मोठीं. शेतांतील टोळ एका हंगामांत शेंकडों पटींनीं वाढतात. हे जीव तसे नाहींत. त्यांचें एकदां मोडलेलें बस्तान पुन्हां बसण्यास पुष्कळ वर्षें लागतात, आणि कित्येकदां तें बसतही नाहीं.

ह्याचें उदाहरण अमेरिकेंतच अलाबामा संस्थानांत घडलें. तेथील हंट्सव्हिल शहराच्या शेल्टा गुहेंत हिचीच एक बहीण राहत असे. शहर गुहेच्या माथ्यापर्यंत वाढत आलें. गुहेचें रक्षण व्हावें ह्या सद्धेतूनें तिच्या तोंडाशीं लोखंडी फाटक बसविण्यांत आलें. परंतु त्या फाटकांतून वटवाघळांस येणें-जाणें सोयीचें न झाल्यामुळें तीं गुहा सोडून गेलीं. वटवाघळें गेलीं तशी विष्ठा गेली व खालच्या पाण्यांतील अन्नाचा ओघ तुटला. त्यांत शहरांतून झिरपणाऱ्या दूषित पाण्याची भर पडली. शेल्टा गुहेंत ही कोळंबी १९७३ मध्यें दिसली, त्यानंतर तेथें ती दिसल्याची नोंद नाहीं. जवळपासच्या दुसऱ्या कांहीं गुहांत ती पुढें आढळली, एवढेंच समाधान.

केंटकींतील कोळंबीवरही दोन बाजूंनीं संकट आलें. पहिलें नदीकडून. ग्रीन नदींतून नावा चालाव्यात म्हणून गुहेच्या खालच्या अंगास १९०६ मध्यें एक बंधारा पुरा करण्यांत आला. त्यामुळें नदीचें पाणी तुंबून गुहेच्या तळच्या भुयारांत मागें सरलें, तेथील प्रवाह मंदावला, आणि पूर्वीं जेथें स्वच्छ वाळू होती तेथें चिखल सांचूं लागला. नावांची वाहतूक बंद पडल्यावरही तो बंधारा तसाच उभा राहिला. पुढें ही कोळंबी नामशेष झाली असावी अशी भीति वाटूं लागली होती. सन १९८० च्या सुमारास शोध करणाऱ्यांस ती पुन्हां भेटली. १९८३ मध्यें तिला कायद्याचें संरक्षण मिळालें. जीर्ण झालेला तो बंधारा २०१६ मध्यें फुटला व पुढील वर्षीं काढून टाकण्यांत आला.

दुसरें संकट वरच्या जमिनीवरून आलें, आणि आपल्या दृष्टीनें हाच ह्या लेखाचा मुख्य विषय होय. गुहेच्या दक्षिणेस जो सपाट सुपीक प्रदेश आहे, तेथें तंबाखू, मका व गुरें ह्यांवर शेतकरी उपजीविका करतात. त्या शेतांत जागोजाग बशीच्या आकाराचे खळगे आहेत. पावसाचें पाणी खळग्यांत उतरतें आणि सरळ जमिनींत गडप होतें. म्हणून त्या प्रदेशांत ओढे-नाले क्वचितच दिसतात. वाडवडिलांपासून शेतकऱ्यांस असें वाटे कीं, हे खळगे नांगरास निरुपयोगी, तेव्हां केरकचरा, रिकामे डबे, मेलेलीं जनावरें टाकण्यास त्यांच्यासारखी सोयीची जागा नाहीं. टाकलेली वस्तु दृष्टीआड झाली म्हणजे ती संपली, असा समज.

तो समज किती खोटा आहे हें जेम्स क्विन्लन नांवाच्या भूजलशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें. त्याची रीत अगदीं साधी होती. एखाद्या खळग्यांत निरुपद्रवी रंग ओतावयाचा, आणि आसपासच्या झऱ्यांत, विहिरींत व गुहांत कोळशाच्या पुड्या किंवा कापसाचे बोळे टांगून ठेवावयाचे. रंग ज्या वाटेनें जाईल तेथील पुडी त्याची साक्ष देई. अशा पुष्कळ चांचण्यांवरून त्यानें त्या प्रदेशांतील भूगर्भांतील पाणलोटांचा नकाशा तयार केला. वरच्या जमिनीचा उतार पाहून पाणी कोठें जात असेल हें सांगतां येत नाहीं. एका शेतांत गडप झालेलें पाणी अनेक मैलांवरील झऱ्यांत निघतें. आणि चुनखडकाच्या मोकळ्या नळांतून जातांना तें मातींतून गाळलें न जाऊन जसें गेलें तसेंच, सर्व घाणीसह बाहेर पडतें, असें त्यावरून सिद्ध झालें.

ह्याच प्रदेशांतील हॉर्स केव्ह नांवाच्या गांवाची गोष्ट तर बोलकीच आहे. गांवाच्या मध्यभागीं एका मोठ्या गुहेचें तोंड असून तींतून नदी वाहते. एकेकाळीं गांवास पिण्याचें पाणी ह्याच गुहेंतून मिळत असे. पुढें गांवचें सांडपाणी व दुधाच्या कारखान्याचें पाणी जमिनींत सोडलें जाऊं लागलें, आणि कालांतरानें धातूंस मुलामा देणाऱ्या कारखान्याचेंही विषारी पाणी त्यांत मिळालें. दुधाचें पाणी निरुपद्रवी असें कोणास वाटेल. परंतु तें नासतांना पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतें व जलचर गुदमरून मरतात. गुहेंतील आंधळे मासे व खेकड्यांच्या जातीचे प्राणी नाहींसे झाले, आणि त्यांच्या जागीं घाणींत वाढणाऱ्या तांबड्या कृमींचें राज्य झालें. दुर्गंधि इतकी सुटली कीं, १९४३ मध्यें ती गुहा प्रेक्षकांस बंद करावी लागली. जलचर मेले, पिण्याचें पाणी गेलें व गांवाचें उत्पन्नही गेलें. ह्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र आशादायक आहे. १९८९ मध्यें आसपासच्या गांवांनीं मिळून सांडपाणी शुद्ध करण्याची चांगली व्यवस्था केली, घाण थांबली, कांहीं वर्षांत पाणी निवळलें, आंधळे मासे परत दिसूं लागले, आणि १९९३ मध्यें गुहा पुन्हां उघडली. पुढें २००१ पासून ग्रीन नदीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांस, प्रवाहांच्या कडेच्या जमिनी गवताखालीं व झाडांखालीं राखल्याबद्दल सरकारांतून मोबदला मिळण्याची योजना झाली. गवताचा पट्टा म्हणजे पाण्याची गाळणी, हें तत्त्व तेथील शेतकऱ्यांस पटलें.

आतां कोणी असें म्हणेल कीं, आपला दख्खनचा खडक काळा; येथें चुनखडकाचीं भुयारें नाहींत; तेव्हां ही परदेशाची कथा आम्हांस काय कामाची? खडकांत भेद आहे हें खरें. आपल्या काळ्या खडकांत पाणी भेगांतून व मुरमाच्या थरांतून हळूहळू चालतें व वाटेंत पुष्कळसें गाळलें जातें. परंतु हळू चालणाऱ्या पाण्यांत शिरलेलें विष बाहेरही हळूच पडतें. जांभा तर स्वभावतःच सच्छिद्र. रत्नागिरीची कोळंबी ही त्या खडकांतही पोकळ्या व जलमार्ग आहेत ह्याची जिवंत साक्ष होय. केरळांतही जांभ्याच्या प्रदेशांतील विहिरींतून आंधळे मासे वर आलेले आहेत. कोट्टयम् येथील अशा एका माशाचें वर्णन १९५० मध्येंच झालें. शिवाय पडक्या विहिरी व निकामी कूपनलिका आपल्याकडे जागोजाग आहेत. ज्याला केंटकीचा शेतकरी खळगा म्हणतो, तो आपण स्वहस्तें खणून ठेवलेला आहे.

म्हणून कांहीं गोष्टी प्रत्येक बागाईतदारानें अवश्य पाळाव्यात. पडक्या विहिरींत अगर निकामी कूपनलिकेंत केर, मेलेलें जनावर किंवा औषधाचे रिकामे डबे कदापि टाकूं नयेत. फवारणीचें मिश्रण विहिरीच्या कांठावर कालवूं नये आणि पंप तेथें धुवूं नये. मोरचूद पिकावरील बुरशीस जसें मारक आहे, तसेंच तें कोळंबीच्या वर्गांतील जलचरांस अत्यल्प प्रमाणांतही मारक आहे, आणि किड्यांवरील नव्या औषधांपैकीं पुष्कळशीं त्याहूनही उग्र आहेत. उकिरडा व गोठ्याचें पाणी विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावें. विहिरीस उंच कठडा बांधावा, म्हणजे पावसाळ्यांत शेतांतील लोंढा आंत शिरणार नाहीं. पावसाचें पाणी विहिरींत जिरवणें हें आजकाल सर्वत्र चालतें व तें चांगलेंही आहे. परंतु तें आधीं वाळू, खडी व कोळसा भरलेल्या गाळण खड्ड्यांतूनच सोडावें. फवारलेल्या शेताचें पाणी मात्र मुळींच सोडूं नये.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. पाण्यांतील प्रत्येक जीव हितकारकच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पायऱ्यांच्या विहिरींतील एका सूक्ष्म जीवापासून नारू होत असे, हें जुन्या लोकांस आठवत असेल. पाणी गाळून पिण्याच्या व विहिरी सुधारण्याच्या मोहिमेनें तो रोग हटला, आणि सन २००० मध्यें आपला देश नारूमुक्त ठरला. म्हणून पिण्याचें पाणी गाळून व निर्जंतुक करूनच घ्यावें. कोळंबी दिसली म्हणजे पाणी पिण्यास योग्य, असें अनुमान काढूं नये. तिच्यापासून कळतें तें इतकेंच कीं, तेथवर विषाची मजल अजून गेलेली नाहीं.

गाळ काढतांना पांढुरका, पारदर्शक, डोळे नसलेला असा एखादा जीव आढळल्यास तो फेंकून देऊं नये. त्याच विहिरीचें पाणी रुंद तोंडाच्या बरणींत घेऊन त्यांत तो ठेवावा, बरणी सावलींत व गारव्यास राखावी, आणि जवळच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावी. गांव, विहिरीची खोली, खडकाचा प्रकार व महिना ह्यांची नोंद बरोबर द्यावी. रत्नागिरीच्या त्या कोळंबीची ओळख जगास झाली ती एका साध्या विहिरीमुळें. आपल्या प्रांतांत लक्षावधि विहिरी आहेत, आणि त्यांच्या तळाशीं काय राहतें हें पाहण्याची संधि शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणास मिळत नाहीं.

जमिनीचा सात-बारा आपल्या नांवावर असतो. तिच्याखालच्या पाण्याचा मात्र कोणाच्याच एकट्याच्या नांवावर नसतो. आपण वर जें टाकतों तें शेजाऱ्याच्या विहिरींत, आणि शेजारी टाकतो तें आपल्या विहिरींत उतरतें. त्या काळोखांतील मुक्या जीवास हें सर्वांआधीं कळतें व तो निमूटपणें मरून जातो. त्याच्यामागून आपल्या घागरीची पाळी येऊं नये, एवढी खबरदारी आपण वेळींच घ्यावी.