वेबसाइटवरची चौकशी वहीत उतरते का?

दुकानाची पायरी चढलेले गिऱ्हाईक आपण विन्मुख जाऊ देत नाही. बसवतो, पाणी देतो, चार थान उलगडून दाखवतो. पण वेबसाइटवरून आलेल्या गिऱ्हाईकाचे काय होते?

माझेच उदाहरण सांगतो. ढाणकीतील माझ्या कापड दुकानाची वेबसाइट पुतण्याने तयार केली. तीत संपर्काचा फॉर्म होता. गिऱ्हाईकाने तो भरला की मजकूर ई-मेलने येई. एका वर्षी शाळा सुरू होण्याआधी हदगावकडून २०० गणवेशांची चौकशी आली आणि ती ई-मेल स्पॅममध्ये जाऊन पडली. माझ्या नजरेस आली तेव्हा महिना उलटला होता. माझे कापड विकले गेले नाहीच, पण तीन टेलर मास्टरांच्या हातचे हंगामाचे काम गेले. चूक माझीच होती. उधारीचा रुपयान् रुपया वहीत लिहिणारा मी, चौकशीसाठी मात्र वहीच ठेवली नव्हती.

आता ती वही आहे. तिला ऑनलाइन स्प्रेडशीट म्हणतात. रोजमेळासारखे रकाने, एका चौकशीला एक ओळ. फरक इतकाच की ओळ आपोआप लिहिली जाते आणि दुकानात, घरात, नांदेडला माल भरायला गेलो तरी मोबाईलवर दिसते.

सोपा मार्ग गूगल फॉर्म्सचा. खाते मोफत मिळते. नवा फॉर्म उघडून नाव, गाव, मोबाईल नंबर, कोणता माल आणि किती, एवढेच विचारावे. प्रश्न वाढले की गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून जाते. मग 'रिस्पॉन्सेस' या भागात 'लिंक टू शीट्स' दाबावे. स्प्रेडशीट तयार होते आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख व वेळ आपोआप पडते. फॉर्म 'पब्लिश' करून त्याची लिंक वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावी. एका व्यक्तीने एकदाच भरावा, अशी अट ठेवू नये. तसे केल्यास गिऱ्हाईकाला गूगल खात्यात शिरावे लागते.

वेबसाइटचा स्वतःचा फॉर्म ठेवायचा असेल, तर जाणकाराकडून 'अ‍ॅप्स स्क्रिप्ट' लिहून घ्यावी. ती फॉर्ममधील मजकूर उचलून शीटच्या शेवटी नवी ओळ जोडते. येथे एक खोच आहे. शून्याने सुरू होणारा फोन नंबर शीट आकडा समजते आणि पुढचे शून्य गाळते. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर तर ती सूत्र समजून चालवू पाहते. म्हणून सर्व मजकूर साधा मजकूर म्हणूनच लिहिला जावा, असे जाणकाराला बजावावे.

वही तयार झाली म्हणजे काम संपले, असे नाही. शीटच्या उजव्या टोकाला 'फोन केला' आणि 'काय ठरले' असे दोन रकाने आपण स्वतः वाढवावेत. रोज गल्ला मोजताना रिकामे रकाने पाहावेत. रिकामा रकाना म्हणजे दारात उभे असलेले गिऱ्हाईक. नवी नोंद येताच ई-मेलने सूचना मिळण्याची सोय फॉर्ममध्ये आहे. पण भरवसा शीटवरच ठेवावा.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. लोकांचे नंबर ही आपल्याकडची अमानत आहे. 'लिंक असलेल्या कोणालाही' शीट उघडता येईल, अशी परवानगी कधीही देऊ नये. ज्याला काम दिले, त्याच्याच ई-मेलला द्यावी आणि नोकर सोडून गेला की त्याच दिवशी काढून घ्यावी. गिऱ्हाईकांची यादी दुसऱ्या व्यापाऱ्याला देणे तर सर्वथा गैर. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्याचे सूत्र आहे.

या कामाला लागतो एक मोबाईल आणि एका दुपारचा वेळ. आपल्या मुला-पुतण्यांना शेजारी बसवून ही वही आजच उघडावी, आणि पहिली नोंद स्वतःच भरून ती शीटमध्ये उतरते की नाही, हे पाहून घ्यावे.