फेकायचे काय? दाढीच्या रेझरचा मागोवा

सेफ्टी रेझर आणि वापरून फेकायचा रेझर यांची तुलना करताना दोघांना परस्परविरोधी मानण्याची पद्धत आहे. इतिहास पाहता दुसरा पहिल्याचाच वंशज ठरतो.

वस्तऱ्याची दाढी हे कसबाचे काम होते. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावत राहावी लागे आणि हात चुकला की गाल कापलाच. १८८०च्या सुमारास अमेरिकेत काम्फे बंधूंनी पात्यापुढे आडोसा असलेला रेझर, म्हणजेच सेफ्टी रेझर, काढला. कापण्याची भीती कमी झाली, धार लावण्याची कटकट राहिली. ती संपवली किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. बाटलीच्या पत्री बुचाचा संशोधक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता, की गिऱ्हाइकाने वापरून टाकावी आणि पुन्हा विकत घ्यावी अशी वस्तू शोध. १८९५मध्ये जिलेटला पातळ ब्लेड सुचले, पण पोलादाची इतकी पातळ पट्टी कडक करून तिला धार आणायची कशी, हे कोडे विल्यम निकर्सन या अभियंत्याने पुढे काही वर्षांनी सोडवले. १९०३मध्ये जेमतेम ५१ रेझर खपले. पुढच्या वर्षी ९० हजारांवर. फेकण्याची सवय लागली ती इथे. अमेरिकेतल्या कित्येक घरांत जुनी ब्लेडे टाकायला न्हाणीघराच्या भिंतीत फटच ठेवलेली असे. ब्लेडे भिंतीच्या पोकळीत पडत आणि तिथेच राहत.

१९६२मध्ये विल्किन्सन स्वोर्डच्या स्टेनलेस ब्लेडने गंजण्याचा प्रश्न बराचसा मिटवला. मग १९७०च्या दशकाच्या मध्याला स्वस्त बॉलपेन विकणाऱ्या बिक कंपनीने प्लॅस्टिकचा अख्खा रेझरच टाकाऊ करून टाकला.

त्यात सोय आहे, हे नाकारता येत नाही. पात्याचा कोन कारखान्यातच ठरलेला असल्याने नवशिक्यालाही तो जमतो. सेफ्टी रेझरचा साधारण ३० अंशांचा कोन हाताला सापडेपर्यंत चारदोन वेळा रक्त येतेच. मात्र पुढे धातूच्या दांड्याचे वजनच काम करते. हलक्या प्लॅस्टिकला माणूस नकळत दाबतो. शिवाय अनेक टाकाऊ रेझरमधली दोन-तीन पाती केस त्वचेच्या पातळीखाली कापतात, त्यामुळे कुरळ्या दाढीत केस आत वळून पुटकुळ्या येतात. एकेरी पात्यात हा त्रास कमी.

भारतात सेफ्टी रेझरचे दुधारी ब्लेड टिकून राहिले ते मुख्यतः किमतीमुळे. सलूनमध्ये कारागीर कागदाच्या वेष्टनातच ब्लेड मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते मिळते. घरी नळाच्या धारेऐवजी मगभर पाण्यात रेझर बुचकळणाऱ्यांच्या बहुपाती रेझरमध्ये केस अडकून बसत. हे पाहूनच जिलेटने २०१०मध्ये भारतासाठी एकाच पात्याचा 'गार्ड' रेझर १५ रुपयांना आणला. त्याचे बदलायचे पाते ५ रुपयांचे होते.

कचऱ्याच्या हिशेबात जुना रेझर सरस आहे. त्याचे ब्लेड निव्वळ पोलाद असल्याने साठवून भंगारात देता येते. टाकाऊ रेझरमधले पोलाद प्लॅस्टिकपासून वेगळे करणे कोणालाच परवडत नाही.