मुंबई विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रण

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर विमानांच्या उड्डाणाचे व अवतरणाचे नियमन भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक करतात. सुरक्षाविषयक देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे.

कार्यपद्धती

येथील ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. त्यामुळे सामान्यतः एका वेळी एकच धावपट्टी वापरली जाते. उड्डाण करणारे विमान धावपट्टीचे टोक ओलांडेपर्यंत किंवा वळण घेईपर्यंत मागून उतरणाऱ्या विमानाने धावपट्टीच्या आरंभरेषेवर येऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. दृश्यमानता चांगली असल्यास व अन्य ठरावीक अटी पूर्ण होत असल्यास हे अंतर कमी ठेवता येते. अशा वेळी नियंत्रकाला निर्णयासाठी काही सेकंदच मिळतात.

२०२४ मधील घटना

८ जून २०२४ रोजी इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान धावपट्टी २७ वर उतरले, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान त्याच धावपट्टीवरून उड्डाण करीत होते. कोणालाही इजा झाली नाही. महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामापासून दूर ठेवले.

मनुष्यबळ

नियंत्रकाची पात्रता विशिष्ट केंद्रापुरती व विशिष्ट कामापुरती असते. बदली होऊन आलेल्या अनुभवी नियंत्रकालाही स्थानिक प्रशिक्षण घेऊन नव्याने पात्रता मिळवावी लागते. त्यामुळे रिक्त जागा केवळ बदल्यांनी तातडीने भरून निघत नाहीत आणि उपलब्ध नियंत्रकांवरील ताण वाढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही देशभरातील नियंत्रकांची कमतरता व थकवा यांकडे लक्ष वेधले.