शिरीष : मुलाचं की मुलीचं?

मुलीचं नाव शिरीष ठेवायचं म्हटलं की बारशाआधीच कोणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यात लिहिलेलं असतं : शिर अधिक ईश, म्हणजे मस्तकाचा स्वामी, म्हणजे शंकर, सबब मुलाचंच नाव. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. अहो, ‘ईश’मधला श शहामृगाचा आणि शिरीषमधला ष पोटफोड्या, षटकोनाचा. संधी कितीही ओढूनताणून केला तरी एकाचा दुसरा होत नाही. मग कोणी ‘श्रीश’ काढतं. ते श्री आणि ईश मिळून झालेलं विष्णूचं नाव, निराळंच.

शिरीष हे झाड आहे. अमरकोश उघडा : शंकराची नावं स्वर्गवर्गात, आणि शिरीष वनौषधिवर्गात, कपीतन आणि भंडिल या आपल्याच पर्यायी नावांबरोबर. उन्हाळ्याच्या तोंडाशी या झाडावर हिरवट-पांढऱ्या रेशमी केसरांचे झुबके येतात, सुगंधी आणि हात लावला तर चुरगळतील इतके नाजूक. कालिदासानं ते बायकांच्या कानांत घातले. ‘मेघदूता’तल्या अलकानगरीतल्या स्त्रिया शिरीष माळतात, ‘शाकुंतला’त दुष्यंत शकुंतलेचं चित्र काढतो आणि त्याच्या लक्षात येतं, की तिच्या कानातलं शिरीष, गालापर्यंत लोंबणाऱ्या केसरांचं, रंगवायचं राहिलंच. आता सांगा, हे नाव मुलीला शोभत नाही कसं?

आणि कालिदासापर्यंत तरी कशाला जायचं? आचार्य अत्र्यांची मुलगी, मराठीत हायकू रुजवणारी कवयित्री, शिरीष पै. क्रिकेट आणि सिनेमावर खुसखुशीत लिहिणारे शिरीष कणेकर. दोघांनीही मराठी वाचकांना कधी गोंधळात पाडलं नाही. अभिनेत्री सुहास जोशी आणि कादंबरीकार सुहास शिरवळकर यांच्या नावाचंही तेच.

नावांच्या याद्यांतले ‘लोकप्रियता इतके टक्के’ हे आकडे तर सोडूनच द्या. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं 1880 पासूनच्या जन्मांच्या नावांची वर्षवार यादी देतं. पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव त्यात येतही नाही. आपल्याकडे सरकार अशी देशभरातली वार्षिक क्रमवारी काढत नाही. मग हे टक्के कुठल्या शेतात पिकतात?

बाकी किरकोळ. रस्त्याकडेचा गुलाबी फुलांचा, चिकट गराच्या शेंगांचा प्रचंड वृक्ष म्हणजे शिरीष नव्हे. तो अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला वर्षावृक्ष. खऱ्या शिरीषाच्या शेंगा चपट्या, वाळल्यावर गवती रंगाच्या, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. ‘असं नाव ठेवलं तर दाखल्यावर घोळ होईल’ हीसुद्धा भीतीच : जन्मदाखल्यात लिंगाचा रकाना स्वतंत्र असतो. आणि बाराव्या दिवसापर्यंत एकमत झालं नाही तरी बिघडत नाही. नोंद नावाशिवाय होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेवढ्यात मोबाइल पुढे करणारे नातेवाईकही थकतात.