फेस गुलाबी दिसतोय?
सकाळी ८.१२ पकडायची घाई, बेसिनमध्ये थुंकलेला फेस किंचित गुलाबी... आणि आपण काय करतो? त्या बाजूला ब्रश फिरवणंच बंद! करायचं नेमकं उलटं. हिरड्यांतून रक्त ही बहुतेकदा जिंजिव्हायटिसची पहिली खूण. साचलेला प्लाक निघाला नाही, तर दोन-तीन दिवसांत त्याचं कडक कीटण व्हायला लागतं. मग कितीही घासा, ते डेंटिस्टकडेच निघणार.

'स्केलिंगने दात हलतात' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. अहो, दाताला धरून ठेवतं ते हाड, कीटण नव्हे! आधीच सैल झालेला दात कीटण निघाल्यावर जाणवतो, इतकंच. डेंटिस्ट बारीक प्रोबने हिरडी आणि दातामधली फट मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे पेरिओडॉन्टायटिसची शंका. जिंजिव्हायटिस पूर्ण बरा होतो, पण इथे झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. मुळापर्यंत सफाई करून उरलेलं वाचवायचं.

आणि स्मोकर्स मंडळी, 'माझं तर रक्तच येत नाही' म्हणून खूश होऊ नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, खूण लपून राहते. डायबेटिस असेल तर अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.